मॅडमनी बदललेला अहवाल

डॉ. सुलोचना मेंढेकर यांची माझी पहिली ओळख, त्यांनी माझ्या नऊ काचपट्ट्या परत पाठवल्या तेव्हाची. त्या सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहून रोग ओळखणाऱ्या; मी त्यांच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलेला माणूस. मेणात बसवलेल्या मांसाचे पातळ काप काढणे पाहून पाहून, स्वतःच शिकलो. माझ्यासारखा काप नागपुरात कोणी काढत नाही असे मला तेव्हा वाटे, आजही वाटते. मॅडमच्या चिठ्ठीत एवढेच होते : ‘सुरीला खाच आहे. चौथ्या कापापासून.’ तपासले. चौथ्यापासूनच होती.

मॅडमच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात मोठी माणसे मोठे लिहितील. मला एकच रुग्ण सांगायचा आहे.

तुळशीरामजी, नरखेडकडचे, एस.टी.चे ड्रायव्हर. कावीळ हटेना. पित्तनलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशीच सुपारीएवढी गाठ निघाली. सर्जनसाहेबांनी सहा तास खपून ती काढली. मॅडमनी अहवाल दिला : ग्रंथींचा नेहमीचा कर्करोग, कडा मोकळ्या, म्हणजे मागे काही उरले नाही. तुळशीरामजींनी घरी जायची पिशवी भरली.

पण गाठीचा एक कोपरा मॅडमना खटकत होता. तिथल्या पेशी बारीक, दाटीने बसलेल्या. त्यांनी तो काप चांदीच्या क्षाराने रंगवायला सांगितला. काळे ठिपकेच ठिपके उठले.

“चांदी जास्त बसली माझ्या हातून. फेकतो,” मी म्हणालो.

“थांबा हो, चौधरी. ताडून पाहायला निरोगी अपेंडिक्सचा काप सोबत रंगवला ना? तो दाखवा.”

त्यात रंगायच्या तेवढ्याच पेशी काळ्या, बाकी स्वच्छ. म्हणजे रंग बरोबर होता, आणि गाठीतल्या चांदी धरणाऱ्या पेशी वेगळ्याच जातीच्या होत्या. एकाच गाठीत दोन प्रकारचे कर्करोग मिसळलेले होते, आणि दुसरा यकृताकडे लवकर धावणारा. असे मिश्रण आमच्याकडे पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

सर्जनसाहेब वैतागले. “मॅडम, सगळं निघालं म्हणून मी त्याला सांगून बसलो ना!”

“माझा कागद वाचून सांगितलंत. आता मी सांगते.”

मी मागोमाग वॉर्डात गेलो. मॅडम खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “पहिला रिपोर्ट अपुरा होता. चूक माझी.”

तुळशीरामजींनी भरलेली पिशवी खाटेखाली सरकवली. मग म्हणाले, “काहून सांगून राहिल्या, बाई? खुशीत गेलो असतो ना मी घरी.”

“मग इंजेक्शनं घ्यायला परत आला नसता.”

“बरं. मंग बसा तरी. उभ्यानं काय असं सांगता!”

मॅडम बसल्या. इंजेक्शनांनी तुळशीरामजींचे केस गेले, अंगातले पाणी गेले. पण ते पुन्हा गाडीवर चढले. तिसऱ्या वर्षी यकृतात उतरायचे ते उतरलेच. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी येऊन मॅडमना म्हणाल्या, “पोरीचं लगन पाह्यलं त्याईनं.” मॅडम टेबलाकडे वळल्या. त्या दिवशीच्या उरलेल्या पट्ट्या त्यांनी एकूणएक पाहिल्या.

आता आम्ही दोघेही थकलो आहोत. इतक्या वर्षांत हातून गेलेलीच माणसे जास्त. गौरवग्रंथात हे लिहू नये, पण खरे आहे. मॅडमना निरोगी दीर्घायुष्य लाभो असे म्हणताना त्यात माझा स्वार्थही आहे. उद्या माझी गाठ कोणाच्या टेबलावर गेली, तर अहवाल मॅडमनीच द्यावा. आणि चुकलाच, तर त्यांनीच येऊन मला सांगावे.