त्या वेळी तुम्ही काय करत होता?

लिफ्टवाल्यांचा एका शब्दावर फार राग होता. तो शब्द म्हणजे 'आपोआप'.

उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. बंद पडलेल्या लिफ्टपाशी जमलेली माणसं एका सुरात सांगायची, "आपोआप बंद पडली हो!" लिफ्टवाले हत्यारांची पिशवी खाली ठेवत, चष्मा पुसत आणि विचारत, "त्या वेळी तुम्ही काय करत होता?" माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "काही नाही." मग हळूहळू बाहेर यायचं, की कुणीतरी कपाट आडवं घालून वर नेलं होतं, किंवा दारात पाय अडकवून शेजारणीशी निरोपाचं बोलणं चाललं होतं, आणि ते संपता संपत नव्हतं. 'काही नाही' म्हणणारा माणूस सापडला की अर्धी दुरुस्ती झाली, असं लिफ्टवाल्यांचं ठाम मत होतं. हे मत ते न विचारताही सांगत.

निवृत्त होताना कंपनीनं विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? त्यांनी मशीनरूममधली आपली लोखंडी खुर्ची मागितली. साहेबांना वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांना थट्टा करता येत नसे. खुर्ची घरी आली, गॅलरीत बसली, आणि लिफ्टवाले तिच्यात बसले. बायको आतून दिवसभर बोलत असायची. त्यांच्याशी, भांड्यांशी, गळक्या नळाशी. लिफ्टवाले त्यातलं फारसं काही ऐकत नसत. मधूनमधून "हं" म्हणत, तेवढ्यावर संसार चालला होता.

मग बायको गेली. त्यालाही आता वर्ष होत आलं. लिफ्टवाले रडले वगैरे नाहीत, निदान कुणासमोर नाही. सगळं यथासांग पार पाडलं, पाहुण्यांना निरोप दिला आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसले. फरक इतकाच पडला, की "हं" म्हणायला काही उरलं नाही.

घरात आता तिघं. लिफ्टवाले, त्यांचा मुलगा, जो सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा, आणि सून. सुनेला अलीकडेच घरबसल्या नोकरी लागली होती. कपडे धुण्याची यंत्रं विकणारी एक कंपनी होती. यंत्र बिघडलं की गिऱ्हाइकांचे फोन यायचे, ते हिनं मागच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, लॅपटॉपवर घ्यायचे. नोकरी अजून कच्ची होती. काम बघून मग पक्की करणार होते. गिऱ्हाईक कितीही पेटलेलं असो, सूनबाईचा आवाज साखरेत घोळलेला. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." फोन ठेवण्याआधी दर वेळी, "मी आपली आणखी काही मदत करू शकते का?" घरात ती असं बोलत नसे, हे सांगायला नकोच.

आणि त्या लॅपटॉपनं नेमकं आताच अंगात आल्यासारखं करायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बोलतंय, सूनबाई दिलगीर होतेय, आणि पडदा काळा. दोन श्वास झाले की पुन्हा कंपनीचं चिन्ह, पुन्हा गोल गोल फिरणारं चाक, जसं काही झालंच नाही. तोवर गिऱ्हाईक फोन आपटून मोकळं झालेलं असायचं. कंपनीतल्या तिच्या वरिष्ठ बाईंनी आधी समजुतीनं सांगितलं, मग कोरड्या आवाजात सांगितलं, की हा आठवडाही असाच गेला तर ही जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.

"आपोआप रीस्टार्ट होतो हो," सूनबाई रडकुंडीला येऊन नवऱ्याला म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी हा शब्द ऐकला आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

मुलाचं म्हणणं पडलं, की अपडेटमुळे होत असेल. त्यानं सगळे अपडेट करून टाकले. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी अपडेट होऊन रीस्टार्ट झाला. मग तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्यानं पंखा साफ केला, आतून मूठभर धूळ काढली आणि ती कागदात बांधून दाखवली. बॅटरी फुगली होती म्हणून काढून टाकली. "नवी मागवतो, पण या मॉडेलची मिळणं कठीण आहे. तोवर वायरवर चालवा. आमच्याकडे दिवसभर चालला, एकदाही बंद पडला नाही," असं म्हणून त्यानं हात झटकले. घरी आणल्यावर लॅपटॉपनं तासाभरात आपले गुण दाखवले. आधी निदान दिवसाआड जायचा, आता दिवसातून तीनतीनदा जायला लागला.

"बाजूला हो," लिफ्टवाले म्हणाले. "मी बघतो."

"बाबा, ही काय लिफ्ट आहे का?" मुलगा म्हणाला.

"वर जाऊन खाली येतं ना मध्येच? मग झालं तर."

त्यांनी रीतसर चौकशी आरंभली. कधीपासून होतंय? त्याच्या आधी घरात काय बदललं? मुलगा म्हणाला काही नाही. सून म्हणाली काही नाही. त्या वेळी तू काय करत होतीस? "मी दिलगीर होत होते," सून म्हणाली. मुलाला विचारलं, तर तो कचेरीत होता, तरीही त्याला दोनदा विचारून झालं. सूनबाईनं टेबलावर कोपर टेकवलं होतं का? पाणी सांडलं होतं का? लॅपटॉपचं झाकण जोरात आपटलं होतं का? सूनबाईच्या नाकी नऊ आले, पण ती उत्तरं देत राहिली. घरात सासऱ्यांना काहीतरी काम मिळालं आहे, एवढंच तिला बरं वाटत होतं.

मग तपासणी. अडॅप्टर बघितला, ठीक. भिंतीतला सॉकेट उघडला, ठीक. तिथून गालिच्याखालून टेबलापर्यंत आलेली एक्स्टेन्शनची वायर होती. तिच्या बोर्डाला त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्या टेस्टर लावला. दिवा लागला. ठीक.

हो, खुर्ची आता मागच्या खोलीत होती. मध्यंतरी लिफ्टवाल्यांनी ती गॅलरीतून स्वतःच ओढत आणली होती. "इथं उजेड बरा आहे," असं ते म्हणाले होते. त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची आणि भरदुपारी दिवा लावावा लागायचा. पण सूनबाईनं ते चालवून घेतलं. सासरे कोपऱ्यात पेपर घेऊन बसायचे, ती गिऱ्हाइकांशी बोलत असायची. मधूनच कोपऱ्यातून "हं" असा आवाज यायचा. ते कुणाला म्हणताहेत, हे तिनं कधी विचारलं नाही.

चौकशीत काही हाती लागलं नाही, तेव्हा लिफ्टवाल्यांनी पहारा सुरू केला. सकाळी खुर्चीत बसले, की लॅपटॉपवर नजर. लॅपटॉप गरीब गाईसारखा चालायचा. तास गेला, दुसरा गेला, हूं नाही की चूं नाही. लिफ्टवाले पाणी प्यायला उठले, की मागून सूनबाईचा आवाज, "गेला!" दुपारी औषध घ्यायला उठले. "गेला!" कुणी दार वाजवलं म्हणून उठले. "बाबा, परत गेला!"

लिफ्टवाल्यांना हा उघड उघड अपमान वाटला. माझी पाठ वळली की डाव साधतो! अशी बेरकी लिफ्ट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी पाणी पिणं कमी केलं. जेवण खुर्चीतच मागवलं. त्या दिवशी लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही आणि लिफ्टवाल्यांची कंबर धरली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. ते आजोबा एकटेच राहत असावेत, यंत्राची तक्रार कधीच संपली होती आणि ते आता नातवंडांबद्दल सांगत होते. सूनबाई ऐकत होती. कोपऱ्यातून लिफ्टवालेही ऐकत होते. कंबर फारच अवघडली, म्हणून ते हात टेकून जरा उभे राहिले. पडदा काळा झाला. आजोबा नातवंडांसकट गेले.

सूनबाईनं डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती चिडली नाही, ओरडली नाही. तेच लिफ्टवाल्यांना जास्त लागलं.

ते उभ्याउभ्या विचार करू लागले. आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांच्या मनात प्रश्न आला, त्या वेळी तुम्ही काय करत होता? या घरात आता विचारायचा राहिलेला माणूस एकच होता. त्यांनी स्वतःला विचारलं. आतून तत्काळ उत्तर आलं, "काही नाही."

लिफ्टवाले चपापले. हे उत्तर त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

सूनबाई चहा करायला स्वयंपाकघरात गेली, तोवर लॅपटॉप पुन्हा सुरू झाला होता. लिफ्टवाले खुर्चीत बसले. उठले. पडदा काळा. तो परत येईपर्यंत थांबले, बसले, उठले. काळा. मग त्यांनी खुर्ची बाजूला केली, गुडघ्यावर बसून गालिचा उचलला. खुर्चीच्या लोखंडी पायाखाली वायर दबून चपटी झाली होती. आतल्या तारा तुटल्या होत्या. माणूस खुर्चीत असला की त्या दाबानं एकमेकींना धरून असायच्या, आणि तो उठला की वायर उसळून तारा क्षणभर सुटायच्या. फुगलेली बॅटरी असा क्षण बहुतेक वेळा सांभाळून घ्यायची, बॅटरीच नसलेल्या लॅपटॉपला मात्र तो पुरेसा होता. कधीपासून होतंय? खुर्ची आली तेव्हापासून. घरात काय बदललं? त्यांना स्वतःला विचारलं असतं, तर त्यांनीही सांगितलं असतं, की काही नाही.

त्यांनी नवी वायर आणून जोडली. ओढून बघितली, वाकवून बघितली, नाचवून बघितली. मग जुनी वायर गुंडाळली आणि खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली.

"काय होतं हो बाबा?" सूनबाईनं विचारलं.

"वायर," लिफ्टवाले म्हणाले आणि गॅलरीत गेले.

लॅपटॉप सुतासारखा सरळ झाला. आठवडा संपला, वरिष्ठ बाईंचा आवाज निवळला, आणि एक दिवस सूनबाई धावत गॅलरीत आली, नोकरी पक्की झाल्याचं सांगायला. "तुमच्यामुळे झालं बाबा!" ती म्हणाली. लिफ्टवाल्यांनी मान हलवली. ते वाक्य दोन्ही बाजूंनी खरं आहे, हे तिला कुठं माहीत होतं.

गॅलरीत उजेड भरपूर होता. खाली रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती, पण त्यातलं कुणी बोलत नव्हतं, नुसते आवाज होते. लिफ्टवाले पेपर वाचत आणि तेच पान पुन्हा वाचत. त्यांना दोन गोष्टी टोचत होत्या. एक म्हणजे त्यांनी अर्धवट अहवाल दिला होता. सगळ्या नोकरीत त्यांनी अर्धवट अहवाल दिला नव्हता, साहेबांची चूक असली तरी साहेबांचं नाव घातलं होतं. दुसरी गोष्ट त्यांना नीट मांडता येत नव्हती. त्यांना बायकोची आठवण येत होती, आणि मागच्या खोलीत ती थोडी कमी यायची. एवढंच होतं ते.

शेवटी ते उठले आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. सूनबाईचा एक फोन संपला होता, दुसरा यायचा होता.

"वायर खुर्चीखाली दबली होती," लिफ्टवाले म्हणाले. "मी उठलो, की लॅपटॉप जायचा. दर वेळी मीच होतो. तुला उगाच कोपरावरून बोललो." त्यांनी चष्मा पुसला. माफी मागायची सवय नव्हती, शब्द सापडेनात. मग रोज ऐकून पाठ झालेले होते तेच तोंडात आले. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

सूनबाईनं त्यांच्याकडे बघितलं. ती हसली असती, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. तिनं हेडफोन कानावरून जरा सरकवला आणि आपल्या नोकरीच्या आवाजात, अगदी हळू विचारलं,

"मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

"काही नाही," लिफ्टवाले म्हणाले आणि वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. हे उत्तर देणाऱ्या माणसांवर त्यांचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता.

"खुर्ची परत इथं आणू का?" ते पाठमोरेच म्हणाले. "उजेडासाठी नाही."

तेवढ्यात पुढचा फोन वाजला. सूनबाईनं तो घेतला, गिऱ्हाइकाला नमस्कार केला, आणि बोलता बोलता पायानं नवी वायर भिंतीकडे सरकवून कोपऱ्यात जागा केली.