कौसाबाईंचं गाणं, गुप्ताइनची ढोलकी

कौसाबाई आणि गुप्ताइन भाभी पुन्हा बोलू लागल्या, तर देवीला खणानारळाची ओटी भरीन, असा नवस मी एकदा बोलले होते. देवीनं ऐकलं, पण सावकाश. तोवर माझ्याजवळ किस्से साचत गेले. राईस मिलच्या मागे कोंडा साचतो ना, तसे.

गोंदियातला आमचा मोहल्ला निम्मा मराठी, निम्मा हिंदी. दर गुरुवारी देवळात भजन. कौसाबाई गायच्या, गुप्ताइन ढोलकी वाजवायच्या. एका गुरुवारी ढोलकीची लय पुढे पळाली आणि गाता गाता कौसाबाईंना दम लागला.

"भजन म्हणून राहिलो का वरात काढून राहिलो?" त्या म्हणाल्या.

"आवाज पीछे रह जाए तो ढोलक क्या करे?" गुप्ताइन सगळ्यांसमोर बोलल्या, आणि ढोलकी घेऊन घरी गेल्या. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद, आणि कौसाबाईंचं गाणं मधेच अडखळू लागलं.

दोघींची दारं समोरासमोर, मधे माझं अंगण. एकदा गुप्ताइनचे गहू बाहेर वाळत होते आणि आभाळ भरून आलं.

"सुमन, सांगजो तिले, गहू भिजतीन."

"बहू, कह दो, हमने देख लिया है।"

"पायलं तं उचलत काऊन नाही, विचार."

मी हातात झाडू घेऊन उभी. एक शब्द बोलायची वेळ आली नाही.

ढोलकीवाचून भजन चालेना. आमच्या ह्यांनी मोबाईलवर ढोलकीचं ॲप लावून दिलं. रंग भरत होता, तेवढ्यात मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. बाया डोळे मिटून टाळ्या वाजवतच राहिल्या. शेवटी मोहल्ल्यातल्या पटलेकाकांनी हात जोडले.

"नवीन भजन चांगलं होतं. तेल कुठं भेटते?"

पुढे कॉलेजची एक मुलगी मोहल्ल्याचा इतिहास लिहायला आली. मी तिला दोघींकडे नेलं.

कौसाबाई म्हणाल्या, "पहिलं घर आमचं. समोर निरा जंगल होतं."

गुप्ताइन म्हणाल्या, "पहला घर हमारा। सामने सिर्फ जंगल था।"

बाहेर आल्यावर मुलीनं हळूच विचारलं, "काकू, मग जंगलात कोण राहत होतं?"

मग आली भुजली. राखीचा दुसरा दिवस. टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी रोपं, म्हणजे भुजली, तलावावर धुवायची आणि एकमेकींच्या कानावर खोचायची. एकदा खोचली की त्या दोघी जन्माच्या 'भुजली'. मग एकमेकींना नावानं हाक मारायची नाही. कौसाबाई सगळ्यांना देत देत गुप्ताइनसमोर आल्या आणि थांबल्या. पाण्यात उभ्या बाया वळून बघू लागल्या.

गुप्ताइननं स्वतःच कानावरचा पदर सारला. "लगाना है तो लगाओ, पैर गल रहे हैं।"

कौसाबाईंनी रोप खोचलं. पटलेकाकू म्हणाल्या, "झालं. आता एकमेकींचं नाव घ्यायचं नाही बरं."

"घेत कोण होतं?" कौसाबाई म्हणाल्या.

त्या गुरुवारी ढोलकी देवळात आली. पण वाजत होती अगदी संथ, धानाची बैलबंडी चिखलातून यावी तशी. कौसाबाईंनी कडव्यात थांबून विचारलं, "इतकी हळू काऊन वाजवून राहिली, भुजली? झोप येऊन राहिली का?"

"उमर हो गई, भुजली। हाथ नहीं चलते अब।"

"तेच म्हणतो मी," कौसाबाई खूश होऊन म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी अख्खं भजन कुठंही न अडखळता म्हटलं. आरती झाली. प्रसाद घेऊन त्या घरी गेल्या.

त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. मग गुप्ताइननं ढोलकी मांडीवर ओढली आणि देवळात थांबलेल्या पोरींसाठी देवीचं एक जसगीत असं वाजवलं, की टाळ्या वाजवणाऱ्या पोरीच मागे पडल्या.

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीही एक भुजली जास्तीची घेऊन निघा. कोणाला द्यायची, ते तुम्हाला ठाऊकच आहे.