कापसाच्या ढिगातल्या पिसवा

डॉक्टरसाहेब म्हणाले, "घरात पिसवा आहेत ना? मग बाळंतपणाची केस तिथं करायची नाही. जमनाला रेल्वेनं धुळ्याला पाठवा."

मी दोंडाईच्याच्या दवाखान्यात दाई होते. चौथी शिकलेली म्हणून ट्रेनिंग मिळालं होतं. पुरुषांसमोर तोंड उघडायची मला लाज वाटे, साहेबांसमोर तर फारच. तरी म्हटलं, "चार दिवस द्या, साहेब."

"तीन दिले."

जमना पहिलटकरीण. तिला आई नव्हती, धुळ्यात ओळखीचं कुणी नव्हतं. गाडीचं नाव काढलं की रडायची. तिच्या पोटऱ्यांवर लाल ठिपक्यांच्या रांगा उठल्या होत्या. पिसवा अशाच रांगेत चावतात. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी प्लेग पसरतो, म्हणून साहेबांची धास्तीही खोटी नव्हती.

जमनाच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या रोज जमीन सारवायच्या, कडुनिंबाचा धूर करायच्या.

"बठ्ठं करी दखं, बाई. जातस नही." सगळं करून पाहिलं तरी पिसवा जात नव्हत्या.

घर खरंच स्वच्छ होतं. फक्त आतल्या खोलीत कापसाचा ढीग होता, भाव येईपर्यंत ठेवलेला. अक्का त्याच्या कडेकडेनं सारवत. ढीग हलवू का, असं मी विचारलं तर सासरे नाना म्हणाले, "ऊनमा टाका तर वजन उतरी जाई. हात लावानं नही."

पिसू पांढऱ्या कापडावर चटकन दिसते. पायांना पांढरं फडकं गुंडाळून ढिगाजवळ उभं राहायचं, अशी आमची तपासणी. पण नानांसमोर पोटऱ्या दाखवत मी कशी उभी राहणार? अक्कांच्या कानात सांगितलं. त्यांनी ते ओट्यावर बसलेल्या नानांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"ऐका ना, बाई सांगस, धुयेल धोतर नेसा नि कापूसजोडे उभा ऱ्हा."

"कसाले?"

"घाबरनात का?"

नाना तावातावानं उभे राहिले. मी दाराआडून बघत होते. थोड्याच वेळात धोतरावर मोहरी उधळल्यासारखं दिसू लागलं, आणि मोहरी उड्या मारू लागली. नाना खाजवत, निऱ्या सावरत अंगणात आले. अक्का भिंत धरून हसल्या. जमना इतकी हसली की आत्ताच कळा सुरू होतात की काय, असं मला वाटलं.

नानांनी स्वतःच पाटी उचलली. ढिगामागे मांजर पिल्लं घेऊन आरामात पडली होती. तिचं बिऱ्हाड घराबाहेर गोठ्यापाशी हलवलं, पिल्लांवरून फणी फिरवत ती फणी गरम पाण्यात बुडवत गेलो. कापूस उन्हात पसरला. गोधड्या उकळल्या. जमिनीच्या भेगांत उकळतं पाणी ओतलं, मग चुना भरला. तिसऱ्या दिवशी नाना न सांगता धुतलं धोतर नेसून खोलीत उभे राहिले. एकच पिसू निघाली. ती त्यांनी नखावर चिरडून मला लांबून दाखवली.

साहेबांनी परवानगी दिली. दोन दिवसांनी जमनाला त्याच खोलीत मुलगी झाली. कापूस वजनात उतरला म्हणून नाना महिनाभर कुरकुरत होते, नातीला मांडीवर घेऊन.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की मी आधी विचारते, इथं कशाला हात लावायचा नाही? लोक देव्हारा दाखवतात. मी म्हणते, तो सोडून सांगा.