चॅनल सोळावरची अकरा मिनिटं

तटरक्षक दलातलं माझं दुसरं पोस्टिंग किनाऱ्यावरच्या ऑपरेशन्स रूममध्ये होतं. हुद्दा असिस्टंट कमांडंट. शॉर्ट सर्व्हिस संपवून मी भिवंडीला घरी आले आणि आता वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅच बघते. तिथले लोक विचारतात, मॅडम, समुद्रावर काय केलंत? मी सांगते, बहुतेक वेळ एका खोलीत बसून ऐकत होते. ते खरं आहे.

खोलीला खिडकी नव्हती. वॉच म्हणजे पाळी, आठ तासांची. भिंतीवर चार्ट, समोर रडारचा स्क्रीन, टेबलावर व्हीएचएफ रेडिओ सेट आणि लॉगबुक. सेट कायम चॅनल सोळावर. संकटात सापडलेली बोट त्यावर बोलते आणि आसपासच्या सगळ्यांना ते ऐकू जातं. माझ्याबरोबर एक चीफ असत, वीस वर्षं समुद्रावर काढलेले. ते चहा बशीत ओतून पीत आणि मला कमी बोलणाऱ्या मॅडम म्हणत.

मला कमी बोलायचीच सवय होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, आईवडील दोघे शिक्षक. घरात मराठी होती, पण पुस्तकातली. आमच्याकडून सहा किलोमीटरवर, गोदामांच्या पलीकडे, खाडीकाठी मासेमारी करणाऱ्यांचा एक पाडा आहे हे मला ऑपरेशन्स रूममध्ये बसल्यावर कळलं. हंगामात तो अर्धा पाडा होड्या घेऊन खाडीच्या मुखाशी तळ ठोकतो. बांबूच्या शेड, मासे वाळवायच्या वलांडी आणि एक व्हीएचएफ सेट. सेटवर बहुधा एक वयस्क बाई असायच्या. रोज सकाळी हवामान विचारायच्या.

“तुमच्या गावचे आहेत, मॅडम,” चीफ म्हणायचे.

“आमच्या गावात लूम आहेत, चीफ. मासे नाहीत.”

“मासे सगळीकडे असतात. आपल्याला दिसत नाहीत.”

नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले होते. सकाळी आठला मी वॉच घेतला. अकराला वारा वाढला. साडेबाराला छोट्या होड्यांना परतण्याचा इशारा दिला आणि बहुतेक परतल्या. आमचं जहाज उत्तरेला दुसऱ्या कामावर होतं, दोन तासांच्या अंतरावर. हेलिकॉप्टरला त्या हवामानात परवानगी मिळणार नव्हती.

१३:४२. चॅनल सोळा.

“पानी भरतंय! इंजिन बंद! पाच मानसं हाव आमी!”

“तुमची पोझिशन सांगा. ओव्हर.”

उत्तरात त्याने चार नावं सांगितली. कशाची ती मला कळलं नाही. ती नावं मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

“अक्षांश-रेखांश सांगा. जीपीएस बघून सांगा. ओव्हर.”

“जीपीएस भिजला. बंद हाय.” आणि पुन्हा तीच चार नावं.

मी तिसऱ्यांदा अक्षांश-रेखांश विचारले. चीफनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. “नाखवा, कुठला डोंगर? लोक काय म्हणतात त्याला?” पलीकडचा माणूस घाबरला होता. घाबरलेला माणूस तोंडात बसलेलेच शब्द बोलतो. त्याने परत तेच सांगितलं. आवाज तुटायला लागला.

“खुणा आहेत,” चीफ मला म्हणाले. “किनाऱ्यावरच्या दोन जागा एका रेषेत आणायच्या. दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन. रेषा छेदतात तिथे बोट. पण ही नावं चार्टवर नाहीत.”

मी चार्ट बघत होते. डोंगर होते, किल्ला होता, कारखान्याची चिमणी होती. चार नावं होती. कुठलं नाव कशाचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. जहाजाला मी अंदाजे क्षेत्र दिलं, पण ते शोधायला दिवस गेला असता.

१३:५३. चॅनलवर आणखी एक आवाज आला. सकाळी हवामान विचारणाऱ्या बाईंचा.

“जागा कललीय मला. आमची होडी सुटतेय.”

“बाई, चॅनल मोकळा ठेवा,” मी म्हणाले.

“मोकलाच हाय, पोरी. तू गप राव नि आयक.” मग त्यांनी त्या चार नावांपुढे सगळ्यांना माहीत असलेली नावं सांगितली. एकामागून एक, सावकाश, शाळेत पाढे सांगावेत तशी. चीफनी चार्टवर दोन रेषा मारल्या. माझ्या अंदाजापासून ती जागा साडेचार मैल पश्चिमेला होती.

१३:५६ ला होडी तळावरून सुटली. चार माणसं स्वतःहून चढली आणि पाचवे नाखवा, काशिनाथ, वय एकसष्ट. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. मी तर त्यांना जाऊ नका असं सांगायला हवं होतं. नियम तसा होता. मी सांगितलं नाही.

१४:४१. “दिसली. नाल वर हाय नुसती.” नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तेवढंच पाण्यावर उरलं होतं.

१४:५२. “चार घेतले. एक पान्यात हाय. नाखवा उतरला.”

त्यानंतर तेरा मिनिटं काही नाही. चीफचा चहा तसाच राहिला.

१५:०५. “पाची आले.” मग वाऱ्यातून, “आमचा एक गेला.”

बाईंचा आवाज आला. “कोन?”

सेट खरखरला.

“कोन, इचारतेय मी.”

“नाखवा, काकी. दोन होड्यांच्या मधी आला.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांना संबालून आना.”

मी लॉगमध्ये वेळ लिहिली. चीफ उठून दाराशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. सेटवरच्या बाई काशिनाथ नाखव्यांच्या पत्नी होत्या हे त्यांना माहीत होतं. मला त्यांनी ते नंतर सांगितलं. बाईंचं नाव हिराबाई.

चौकशीचा रिपोर्ट मी लिहिला. वाचलेल्यांपैकी एकाचं बोलणं त्यात होतं: होडी अजून धा मिन्टा वर रायली असती, तर आमी पाय न भिजवता पलीकडं गेलो असतो. उशिराच्या कारणात मी लिहिलं, ‘ड्युटी ऑफिसरला पोझिशन समजली नाही.’ कमांडिंग ऑफिसर म्हणाले, भाषा बदल, तुझी चूक नाही. मी बदलली नाही. पण हेही खरं की तो रिपोर्ट पाड्यावर कोणी वाचणार नव्हतं.

एक प्रश्न मात्र मला सुटत नव्हता. हिराबाई पहिल्या मिनिटापासून सेटजवळ होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग त्या १३:५३ पर्यंत का थांबल्या?

तीन महिन्यांनी पाड्यावर सत्काराचा कार्यक्रम ठरला. पाच मानपत्रं, शाली, नारळ. मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भिवंडीची. दापोडे गावावरून जाताना दोन्ही बाजूंना गोदामं आणि कंटेनर, मग एक वळण आणि एकदम खाडी. माझ्या घरापासून पाऊण तासही लागला नाही.

मी तासभर आधी पोचले. देवळासमोर मंडप होता. बायकांनी मला मधे बसवलं.

“तू रेडिओवाली?”

“हो.”

“भिवंडीची ना गो? मंग अशी मोजून मोजून का बोलतेस? सबद इकत घेतेस का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. हिराबाई हसल्या नाहीत. त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “चल, होडी दावते.”

काशिनाथ नाखव्यांची होडी खाडीच्या चिखलावर ओढून ठेवली होती. मी ठरवून आले होते. म्हणाले, “काकी, अकरा मिनिटं माझ्यामुळे गेली. मला त्यांची भाषा कळली नाही.”

त्यांनी होडीच्या कडेवर हात ठेवला. “तुला कलनारच नवती. ती कोनालाच कलत न्हाय. आमच्यात दर घराची खूण येगली. तोच डोंगर, पन त्या घरात त्याला येगला नाव. मासली कुटं घावते ती जागा दुसऱ्याला कलू नये म्हनून. पोरीलाबी सांगतात, पन लगीन झालं की पोरीनं ते नाव सासरी काडायचा न्हाय.”

“मग तुम्हाला कशी कळली?”

“बुडत्या होडीवर माजा भाव होता. धर्मा.”

मी होडीला टेकले.

“माज्या म्हायेरची खूण ती. पयल्या सबदाला कलली मला. मालक समोर उबा. इचारतोय, हिरे, कुटं हाय तो? दोन घरांत नऊ वर्सं बोलना न्हाय, गोदामाला दिलेल्या जमिनीवरनं. तरीबी इचारतोय, कुटं हाय? नि मी गप. चालीस वर्सं गप होते, त्या दिसाला तोंड उगडेना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अकरा मिन्टा तुजी न्हाईत, पोरी. माजी हायत.”

मी विचारलं, “धर्मा नाखव्यांना माहीत आहे?”

“न्हाय.”

कार्यक्रम साडेचारला सुरू झाला. एका बाजूला काशिनाथ नाखव्यांचं घर बसलं होतं, दुसऱ्या बाजूला धर्मांचं. मधून जायला वाट होती आणि त्या वाटेने कोणी जात नव्हतं. चार जणांनी मानपत्रं घेतली. पाचवं घ्यायला हिराबाई आल्या. मानपत्र घेऊन त्यांनी ते मला परत धरायला दिलं आणि माइक घेतला. मला जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं, आणखी थोडक्यात. मालक इचारत होता नि मी गप होते. शेवटी त्यांनी ती चार नावं पुन्हा उच्चारली, मोठ्याने, दोन्ही घरांसमोर.

एक म्हातारा म्हणाला, “हिरे, बस झाला.” धर्मा नाखवा मान खाली घालून बसले होते.

हिराबाई एकट्याच उभ्या होत्या. मी मागच्या बाकावर बसून राहणारी मुलगी होते, अजूनही आहे. माइक त्यांच्या हातातून मी कसा घेतला ते आठवत नाही. मानपत्राबाहेरची चार वाक्यं बोलले. मी त्या दिवशी ड्युटीवर होते. १३:४२ ला तुमच्या माणसाने जागा सांगितली. मी तीन वेळा अक्षांश-रेखांश मागितले. कोणता डोंगर, हे विचारायचं मला सुचलं नाही. मंचावरून कमांडिंग ऑफिसर माझ्याकडे बघत होते. ते नंतर त्यावर कधीही बोलले नाहीत.

धर्मा नाखवा उठले. मधल्या वाटेने सरळ आले, बहिणीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “तिसरा नाव चुकलीस तू. उलटा म्हनतेस, ल्हानपनापासून.” आणि रडायला लागले.

नोकरी सोडल्यावर गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर समुद्रावर गेले. नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला दिवस होता, वेळ सकाळी दहाची. पाड्यातल्या सगळ्या होड्या होत्या, दोन्ही घरांच्या. धर्मा नाखव्यांनी आधी एका बाजूचा किनारा पाहिला, मग दुसऱ्या बाजूचा, आणि हात वर केला. इंजिनं बंद झाली. कोणी भाषण केलं नाही. हिराबाईंनी नारळ सोडला. होडीवरच्या एकाने मला सांगितलं की पूर्वी इथे पापलेट भरपूर मिळायचं.

“आता?”

“आताबी असेल. कोन बगतंय.”

पाड्यातल्या प्रत्येकाला आता ती खूण पाठ आहे. काशिनाथ नाखवा गेल्यापासून तिथे एकानेही जाळं टाकलेलं नाही.