पाळण्यातून काय दिसलं

लग्नाच्या वाढदिवशी पोरांना आजीकडे ठेवून दोघांनीच कुठेतरी जावं, असं माझं ठाम मत. परवा नातवंडांबरोबर थीम पार्कला गेले, तेव्हा मोठ्या पाळण्यापाशी एक जोडपं भेटलं. बरोबर दोन लहान मुली, दोघीही उंचीच्या रेघेखाली. म्हणून आईबाबा पाळीपाळीने बसणार होते. पाळण्यात सुटं काही चालत नाही, तेव्हा तिने केसांतला गजरा काढून नवऱ्याच्या मनगटाला बांधला.

“आज आमच्या लग्नाचा वाढदिवस ना,” ती जरा लाजत मला म्हणाली.

मला राहवेना. “अगं, मग दोघं मिळून बसा की! मुलींना मी बघते.”

“खरंच, काकू?”

गजरा धाकटीच्या हातात आला आणि दोघं निघाली.

पाळणा वर गेला. तिथून तळं दिसतं, पलीकडचे डोंगर दिसतात. ती दोघं मात्र वाकून आमच्याकडेच हात हलवत होती. मुलं झाली की दोघांचं असं काही उरत नाही, अशी आपली तक्रार. यांना ते वेगळं उरवायचंच नव्हतं. मला हसू आलं, थोडा हेवाही वाटला.

खाली आल्यावर धाकटीने विचारलं, “वरून काय दिसलं?”

“तुम्ही दोघी,” दोघं एकदमच म्हणाली.