आल्विनाची सळई

आल्विना ड्रीसेनचे आजोबा जर्मनीहून इलिनॉयला आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आला गुडघाभर चिखल आणि त्यातले बेडूक. त्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, पाणी ओढ्याला काढलं, म्हणून तिथं मका उभा राहिला. आल्विना लहानपणापासून बापाच्या हातात नळ्या देत आलेली. कुठली नळी कुठं वळते, तिला तोंडपाठ. लग्नबिग्न तिनं केलं नाही. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, हिचं लग्न चिखलाशी लागलंय. त्यांचे नवरे मात्र शेतात पाणी तुंबलं की टोपी हातात घेऊन हिच्याच दारात!

तिचा धाकटा भाऊ म्हणजे दिवटे चिरंजीव गेरहार्ट. बाप गेल्यावर वाटणी झाली आणि सत्तावन्न साली यानं आपलं सखल शेत बिल्डरला विकलं. एवढ्यावर थांबेल तो गेरहार्ट कसला! तिथं उठलेल्या घरांच्या वसाहतीला नाव दिलं ‘ड्रीसेन कुरण’, आणि स्वतःही जुन्या डबक्याच्या जागीच तळघरवालं घर घेतलं. उद्घाटनाला छातीवर फीत लावून ‘आमच्या पूर्वजांचा घाम’ यावर भाषण ठोकलं. याला घाम आलेला मात्र गावात कुणी पाहिला नव्हता.

आता बिल्डरला आल्विनाचं टेकाडावरचं घर हवं होतं, दुकानांसाठी. गेरहार्ट रोज कागद घेऊन यायचा.

“अगं, कर ना सही. चर्चच्या वृद्धाश्रमात तुझ्यासाठी छान खोली बघून ठेवलीये.”

“या घरातून मी चौघांच्या खांद्यावरूनच निघेन. आणि तळघरं खणताना तुझ्या बिल्डरनं सगळ्यांचं पाणी ओढ्याला नेणारी मोठी नळी फोडली नसली म्हणजे मिळवली.”

“मातीची नळी! आता यंत्रं आलीत, बाई. कुठल्या जमान्यात आहेस?”

मार्चमध्ये बर्फ वितळलं, वर दोन दिवस पाऊस. रविवारी प्रार्थनेहून येऊन आल्विना कॉफी ओततेय, तोच गेरहार्ट दारात. पँट मांडीपर्यंत भिजलेली, नवा टीव्ही उराशी. मागं बायको हेडविग, हातात चपला.

“सगळी तळघरं भरलीत गं! चल ना, बघ ना जरा.”

आल्विनानं आधी कॉफी संपवली. मग कोठारातून नळ्या चाचपायची लोखंडी सळई घेतली आणि खाली गेली. मागून अख्खी वसाहत. ती चिखलात सळई खुपसत, टक् आवाज ऐकत सरळ रेषेत चालत राहिली, ती थेट गेरहार्टच्या भिंतीशी थांबली.

“इथवर धड आहे. पुढची तुझ्या तळघरानं खाल्ली. ते फोडल्याशिवाय कुणाचंच पाणी हलणार नाही.”

शेजाऱ्यांनी गेरहार्टकडं असं बघितलं, की त्याची मान खाली गेली.

“मग तोवर आम्ही राहायचं कुठं? तुझ्याकडं वर...”

“का रे? ती छान खोली रिकामीच आहे ना?” आल्विना म्हणाली, आणि सळई पुसत टेकाड चढायला लागली.