अकरा रुपयांची पिन

माझी काकू दोनदा वारली. पहिल्यांदा काविळीनं, दुसऱ्यांदा माझ्या काटकसरीनं.

काकूला मूलबाळ नव्हतं. गळा मात्र होता. पोलीस अॅक्शननंतर इकडं जरा स्थिरस्थावर झाल्यावर काका तिला मुंबईला घेऊन गेले आणि पैसे भरून तिच्या आवाजाची एक तबकडी करून आणली. एकच. तिच्यावर एक अंगाई. (पाळणा रिकामा असलेल्या घरात अंगाई! पण हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.) काकू गेल्यावर दर वर्षी तिच्या तिथीला, पानं उठली की काका ती तबकडी लावत. एरवी हात लावू देत नसत.

त्या वर्षी तिथीच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड प्लेअर मुका झाला. सुई धरणारी नखाएवढी डबी असते, कार्ट्रिज, ती गेली होती. काकांनी माझ्या हातावर पैसे ठेवले.

"दिनू, नवीन आण. घासाघीस करू नको लेका, तुझ्या पाया पडतो."

हे म्हणजे मांजराला दुधाकडं बघू नको म्हणणं! आमच्या उस्मानपुऱ्यात माझ्याइतका भाव पाडणारा माणूस नव्हता, असं माझं स्वतःचं मत होतं. मी नव्याच्या दुकानावरून पुढं गेलो आणि शहागंजात जुन्या रेडिओंचे सुटे भाग विकणाऱ्यासमोर उभा राहिलो. त्यानं एका डबड्यातून कार्ट्रिज काढलं.

"तीस. जपान का माल है, साब."

"सात."

"क्या बाताँ करते! सात में तो इसकी डिब्बी नै आती."

मी निघालो. चौकातल्या घड्याळाच्या टॉवरपर्यंत जाऊन परत आलो. पुन्हा निघालो. तिसऱ्या खेपेला तो वीसवर आला.

"बजा के सुनाऊँ?"

इथं माझा सिद्धांत आडवा आला. वाजवून बघायला मागितलं की गिऱ्हाईक गरजू आहे हे दुकानदार ओळखतो! मी आळस दिला. "काही नको. असली घरी पडलीत छप्पन्न."

"तो फिर ये कायकू ले रै?"

मी थेट अकरा म्हणालो. त्यानं कपाळ बडवलं, मुलाबाळांची नावं घेतली, डोळ्यांत पाणी आणलं. दुकानदार रडला की भाव रास्त, ही माझी कसोटी. तो रडला. कार्ट्रिजची पिन, म्हणजे सुई, मात्र मी पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवले. काका डोळे मिटून बसले. मी सुई टेकवली. आधी भजी तळल्यासारखा आवाज, मग काकू. "नीज रे..." आणि तिथंच अडकली! "नीज रे... नीज रे... नीज रे..."

"दिनू," काका डोळे न उघडता म्हणाले, "पुढं जाऊ दे की तिला."

सुई उड्या मारत होती. तिला वजन हवं, म्हणून मी वर चार आणे ठेवले. "नीज रे." आठ आणे ठेवले. "नीज रे." मग बंदा रुपया! घासाघिशीत वाचवलेला! काकू पुढं सरकली खरी, पण दोडक्याची शीर निघावी तशी तबकडीवरून काळी तार वर येऊ लागली. एकच प्रत काढायची मऊ लेपाची तबकडी ती, बाजारातल्यासारखी टणक नव्हे. काकूनं एक लांब किंकाळी फोडली, जी जिवंतपणी कधी फोडली नव्हती, आणि गप्प झाली.

"काय झालं?" काकांनी डोळे उघडले. तोवर नाणी माझ्या खिशात होती.

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको, सुमन, उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक. "मी काल तबकडीवरची धूळ पुसली होती. ओल्या फडक्यानं."

मी फक्त दोन शब्द बोललो.

"ओल्या फडक्यानं?"

बस्स. पुढचं काम नातेवाइकांनी केलं. काका तिला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी झाकण लावलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भिंगातून पिन पाहिली. टोक मोडकं होतं. खाम नदीत टाकून आलो.

मग आयुष्यभर तेच. "सुमनच्या हातात फडकं देऊ नका हं, गाणं पुसंल!" मुंजीत, बारशात, डोहाळजेवणात. सगळे हसत. तीही हसे. मीही हसे! पण काकूच्या तिथीला ती काकांच्या फोटोपुढं उभी राहून पुटपुटायची, "मामंजी, चुकलं माझं." सख्ख्या सासऱ्यासारखं मानायची त्यांना. मी शेजारी उभा असायचो, हात जोडून. उद्या सांगू म्हणायचो. ती गेली, तरी उद्या काही उजाडला नाही.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. पानं वाढली होती. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं: शहागंज, अकरा रुपये, नाणी, नदी, सगळं.

मग चुलत वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

"बाई गं! ती गेली तरी तिचा दोष अंगावर घेतात!"

"अहो वहिनी, पिन मोडकी होती!"

"व्हय व्हय, भाऊजी. बसा. लई त्रास करून घेऊ नका." त्या सुनांकडं वळल्या. "बघा गं पोरींनो. असा नवरा मिळायला पुण्याई लागते."

पोरी माझ्याकडं भरल्या डोळ्यांनी बघू लागल्या. मी विनयानं मान खाली घातली, बसलो, आणि आणखी थोडी खीर मागून घेतली.